पत्र्याचा बिल्ला

कारखान्यात तिला सगळे तासबाई म्हणत. पाठीमागे म्हणत. पण ते तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे म्हणणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणजे तोंडावर म्हटल्यासारखंच. कारखाना छोट्या बल्बांचा. गाड्यांचे, भट्ट्यांचे, शिलाई मशीनवरचे. घराघरांतून तारेचा बल्ब हद्दपार झाला तरी अशा ठिकाणी तो अजून लागतो. तयार झालेल्या प्रत्येक लॉटमधून चाळीस बल्ब उचलून तिच्या खोलीत यायचे. ते होल्डरात बसवायचे, मरेपर्यंत जाळायचे आणि मेले की किती तास जळले ते रजिस्टरात लिहायचं, हे तिचं काम. खोक्यावर जो तासांचा आकडा छापलेला असतो तो अशा मेलेल्यांच्या जिवावर छापलेला असतो, हे बल्ब विकत घेणाऱ्याच्या गावीही नसतं.

खोलीत सहा रॅक होते, प्रत्येकावर चाळीस होल्डर. खिडकी नव्हती, तिची गरजच नव्हती. रोज सकाळी साडेसातला काळा चष्मा लावून ती आत शिरायची आणि रांगेने फिरायची. आत इतकं गरम असायचं की इतर बायका दारातूनच निरोप देऊन पळायच्या. हिने मात्र सव्वीस वर्षं त्या धगीत काढली. आपल्या कामाबद्दल कोणाचा एक शब्द खपवून घ्यायची नाही. मॅनेजरने एकदा आकडा थोडा वर सरकवायला सांगितला, तर रजिस्टर त्याच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "तुम्हीच लिहा, आणि खाली सही करा." मॅनेजर पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

हे तिला जुन्या सुपरवायझरने शिकवलेलं. त्याचे नियम दोन. पहिला, मेलेला बल्ब क्षणभरही होल्डरात ठेवायचा नाही. रिकामा होल्डर म्हणजे मेलेला बल्ब. दारात उभं राहून नुसत्या नजरेने मोजता आलं पाहिजे. दुसरा, जिवंत बल्ब काही कारणाने काढावा लागला, तर त्या होल्डरवर पत्र्याचा गोल बिल्ला अडकवायचा आणि रजिस्टरात लिहायचं: इतके तास जळला, उतरवला, पुढचं माहीत नाही.

पहिल्याच वर्षी तिच्या हातून हा दुसरा नियम चुकला होता. गिऱ्हाइकाला दाखवायला साहेबांनी बारा जळते बल्ब काढून नेले आणि ही बिल्ले अडकवायला विसरली. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी. बदलीवर आलेल्या माणसाने बारा होल्डर रिकामे पाहिले आणि बारा मेले असं लिहून टाकलं. लॉट नापास झाला. आठ हजार चांगले बल्ब चुरा करायच्या मशीनवर गेले. सुपरवायझर तिला रागावला नाही. तिला नुसतं त्या मशीनपाशी उभं केलं, शेवटचं खोकं रिकामं होईपर्यंत. मग म्हणाला, "माहीत नाही, हेसुद्धा लिहावं लागतं, पोरी. तू लिहिलं नाहीस की पुढचा माणूस त्या जागी मरण लिहून मोकळा होतो."

तो सुपरवायझर निवृत्त होऊन गेलाही. त्याचं वाक्य मात्र तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

पन्नाशी ओलांडल्यावर तिचं पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की गच्च वाटायचं, लघवीला सारखं जावं लागायचं, कंबर दुखायची. वरच्या मजल्यावर नणंद राहायची, तिच्याकडे प्रत्येक दुखण्यावर औषध आणि प्रत्येक औषधाला एक गोष्ट असायची. ती म्हणाली, "वहिनी, गॅस आहे गं नुसता. या वयात होतं." तासबाईलाही ते पटलं, कारण पटवून घ्यायला सोपं होतं. चार महिने असे गॅसवर गेले. मग एक दिवस कामावरच्या कोटाची खालची दोन बटणं लागेनात आणि चेहरा मात्र चिपाड झालेला. नवरा शाळेची बस चालवायचा. आरशात मागच्या पोरांकडे बघायची सवय असल्यामुळे असेल, पण त्याने ते पाहिलं आणि तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

स्कॅन झाला, मग ऑपरेशन. अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. पोटभर पसरलेला. काढता आला तेवढा काढला, आता केमोच्या सहा फेऱ्या.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि आकडा सांगायला नाखूश होत्या. "प्रत्येक बाई वेगळी असते," असं त्या दोनदा म्हणाल्या. तासबाई खुर्चीत पुढे सरकली.

"डॉक्टर, मला माझा आकडा नकोच आहे. तो तुमच्याकडे नाही, मला कळतं. मला लॉटचा सांगा."

"लॉटचा?"

"माझ्यासारख्या शंभर बायका घेतल्या तर किती उरतात?"

नवरा उठून दाराकडे गेला. "मला नाही ऐकायचं," म्हणाला आणि बाहेर जाऊन बाकावर बसला.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "पाच वर्षांनी, या स्टेजला, साधारण तीस ते चाळीस. लवकर सापडला तर नव्वदच्याही पुढे. पण हा आजार लवकर सापडतच नाही, तीच तर रड आहे. आणि पाच वर्षं म्हणजे शेवट नव्हे. मोजणारे तिथे थांबतात, इतकंच."

"म्हणजे या बायका पाच-सात वर्षांपूर्वीच्या."

"हो. त्यांना मिळाली नाहीत अशी काही औषधं आता आहेत."

"जुन्या मालावरून नव्याचा अंदाज," तासबाई म्हणाली. "आमच्याकडेही तसंच असतं. आणि पाच वर्षांनी ज्या उरतात त्यांचं काय करता?"

"काय करता म्हणजे? काही नाही. घरी असतात त्या."

"बरं आहे. आम्ही उरलेले बल्ब फोडतो."

डॉक्टरबाईंना हसावं की काय करावं ते कळेना. मग दोघी हसल्या, आणि हसताना टाके दुखले म्हणून तासबाईने पोट धरलं.

परतीच्या वाटेवर नवऱ्याने शेवटी विचारलंच. नाही नाही म्हणणारा माणूस जास्त वेळ दम धरू शकत नाही. तिने त्याला डॉक्टरबाईंचा आकडा सांगितला आणि बल्बांवरून समजावलं. चाळीस बल्ब लावले. काही पहिल्याच दिवशी जातात, बरेचसे मधल्या तासांत, आणि एखादा असा चिवट निघतो की रॅक दुसऱ्या लॉटला हवा असतो तरी हा जळतच राहतो. सगळे एकाच तारेचे, एकाच मशीनवरचे. लावताना बघून कोणता कुठला ते ओळखता येत नाही. सव्वीस वर्षांत तिला एकदाही ओळखता आलं नव्हतं.

"म्हणजे तू त्या चाळीसांत की साठांत?"

"ते कोणालाच माहीत नसतं, अहो. तेच तर सांगतेय."

"मग एवढं शिकून काय उजेड पाडलास?" तो म्हणाला, आणि लगेच त्याचा चेहरा पडला. ती मात्र खो खो हसली. बसमधली माणसं वळून बघायला लागली.

नणंद तिच्या ओळखीतल्या एका बाईची गोष्ट घेऊन आली. तिलाही हेच झालं होतं, आणि ती वीस वर्षं ठणठणीत आहे, रोज चार किलोमीटर चालते. "तुलाही काही होत नाही बघ." तासबाईने तिला फटकारलं, "ताई, एका बल्बवरून लॉट पास करत नाहीत." नणंद दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी गरम दूध घेऊन खाली आली. तशी ती मनाची वाईट नव्हती.

केमोची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीला पाठ करून बारा खुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाइनचा स्टँड. मंगळवार हा या आजाराच्या बायकांचा वार. पहिल्या मंगळवारी तासबाईने आजूबाजूला पाहिलं, आणि सवयीने हात पिशवीतल्या वहीकडे गेला. तिला धरून बारा जणी. सगळ्यांची सुरुवात त्याच महिन्यातली, सगळ्यांना तेच औषध. याहून चांगला लॉट कारखान्यातही मिळत नाही. तिने स्वतःला वगळून अकरा चौकोन काढले. नावं लिहिली नाहीत, खूण लिहिली. चष्मेवाली शिक्षिका. सारखी पाणी मागणारी. मान ताठ ठेवून बसणारी उंच बाई. आणि शेजारच्या खुर्चीतली शिवणकाम करणारी, जिला ती मनात शिवणवाली म्हणायची.

शिवणवालीची जीभ एक मिनिट गप्प बसायची नाही. केस गळायला लागले तशी तिने उरलेल्या कापडांच्या टोप्या शिवून आणल्या आणि सगळ्यांना वाटल्या. तासबाईला मिळाली ती निळी, कारखान्याच्या कोटाच्या रंगाची.

"तुमच्याच कारखान्याचे कोट शिवते मी, ताई. कंत्राटदाराकडून येतं काम. म्हणजे तुमच्या अंगावर माझाच हात."

"म्हणूनच ती बटणं लागेनात."

"पोट तुमचं फुगलं आणि दोष माझ्या काजांना होय!" शिवणवाली इतकी मोठ्याने हसली की सिस्टरने डोळे वटारले.

दुसऱ्या फेरीला एक खुर्ची रिकामी होती. तिसऱ्या फेरीला तीन. तासबाईने चौकोनांवर काट मारली. लॉट म्हटला की काही पहिल्या तासांत जायचेच. चौथ्या मंगळवारी ती जरा उशिरा पोचली, आणि दारात उभं राहताच तिच्या नजरेने आपोआप मोजलं. पाच रिकाम्या. शेजारची खुर्चीही.

सुई लावायला सिस्टर आली तेव्हा तिने विचारलं, "शेजारच्या बाई?"

सिस्टर शीर शोधत होती. "दुसऱ्या पेशंटचं मला सांगता येत नाही, बाई. नियम आहे." आणि तिने नजर चुकवली. खरं तर ती सुईकडे बघत होती. पण ज्याला वाईट ऐकायचं असतं, त्याला गप्प माणसाच्या तोंडूनही तेच ऐकू येतं.

त्या दिवशी पाच तास सलाइन चाललं, आणि पाच तास तासबाई गणित करत बसली. नऊ आठवड्यांत अकरातल्या पाच. या हिशेबाने दिवाळखोरीच. वर्षभरात खोलीत कोणी उरायला नको. चाळीस कुठले आणि पाच वर्षं कुठली! डॉक्टरबाई जुन्या मालाचा आकडा सांगत होत्या किंवा तोंडदेखलं बोलत होत्या. खरा रॅक हा समोर होता. तिने स्वतःच्या डोळ्यांनी मोजला होता, आणि स्वतःच्या डोळ्यांवर तिचा सव्वीस वर्षांचा भरवसा होता.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, "उरलेल्या दोन फेऱ्या मी घेणार नाही."

त्याला आधी थट्टा वाटली. मग तिने वही काढली आणि चौकोन दाखवले. तळपाय बधिर झालेत, तोंडात फोड आहेत, पाण्याचा घोटही जळतो. हे सगळं सोसून पदरात काय पडणार, ते इथे लिहिलंय. जे काही दिवस आहेत ते ती आपल्या पायांवर, आपल्या खोलीत काढणार होती.

"डॉक्टरांना विचार तरी!"

"डॉक्टर आकडा सांगतात. मी मोजलाय."

तो त्या वहीकडे बघत राहिला. आयुष्यात त्याने तिच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मूल झालं नाही तेव्हा दोघांनी एकदा काय ते रडून घेतलं होतं, आणि नंतर तीच त्याला धीर देत आली होती. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. "आकडा तुझा असेल! बायको माझी आहे!" आणि वही भिंतीवर फेकून मारली. तिने ती शांतपणे उचलली, दुमडलेलं पान सरळ केलं आणि पिशवीत ठेवली. दवाखान्यातून फोन आले ते तिने उचलले नाहीत. त्याने एकदा उचलला, तर तिने हातातून काढून घेतला.

ती कामावर परतली. आणि सांगायला हवं की ते पाच महिने तिला बरे गेले. तोंडातले फोड गेले, जेवण जायला लागलं, टाळूवर बोटभर केस आले. सकाळी साडेसातला काळा चष्मा, रांगेने फेरी, मेलेले काढायचे, तास लिहायचे. मनाची तयारी झालेली असली की माणूस हलका होतो, असं ती नणंदेला सांगायची. नणंद तोंड फिरवून डोळे पुसायची.

सहाव्या महिन्यातल्या एका सकाळी गेटवरून निरोप आला की कोटांचा गठ्ठा आलाय, प्रत्येक खात्याने आपापले घेऊन जावेत. तासबाई गेटपाशी गेली. टेंपोपाशी एक बाई कोट मोजून देत होती. आखूड कुरळे केस, अंगाने भरलेली, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"ताई! अगंबाई, तुम्ही! टोपी कुठाय माझी?"

तासबाईने टेंपोचा कठडा धरला. "तुम्ही," ती म्हणाली.

"काय झालं? भूत बघितल्यासारखं करताय!"

"तुम्ही येत नव्हतात. खुर्ची रिकामी होती."

"भावाकडे राहायला गेले ना मी. त्याच्या गावच्या हॉस्पिटलात तेच औषध मिळतं म्हणाले, दर वेळची यायची-जायची दगदग वाचली. सहाच्या सहा फेऱ्या झाल्या. पुढचं देव जाणे, पण सध्या रिपोर्ट चांगला आहे."

"आणि ती चष्म्याची शिक्षिका?"

"तिने वार बदलून घेतला, शाळेमुळे. गुरुवारी जायची. फोन असतो तिचा. ती सारखं पाणी मागणारी, तिचं रक्त कमी झालं म्हणून तिच्या फेऱ्या पुढे गेल्या. आणखी एक कोण होती, ती मुलीकडे गेली." शिवणवालीचा आवाज खाली आला. "ती उंच बाई मात्र गेली हो. एकटीच बिचारी. बाकी सगळ्या आहोत. तुमच्या झाल्या ना सहाही?"

तासबाईच्या हातात पाच कोट होते. पाच रिकाम्या खुर्च्या, आणि मेलेली एक. चार बायका जिवंत उतरल्या होत्या आणि त्यांच्या खुर्चीवर कोणी बिल्ला अडकवला नव्हता. दवाखान्यात कोण अडकवणार? तिथे तो नियमच नव्हता. पण तिला तर ठाऊक होतं. सगळ्या जगात ही चूक करायची नाही हे जर कोणाला शिकवलेलं होतं, तर ते तिला. मशीनपाशी उभं करून शिकवलेलं होतं. त्या सुट्टीच्या दिवशी बदलीवर आलेला माणूस जे लिहून गेला, तेच तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि लॉट नापास केला होता. या खेपेला लॉट ती स्वतः होती.

ती खात्यात परत आली. रॅकवर बल्ब जळत होते. तिने दार लावून घेतलं आणि त्या उजेडात, डोळ्यांवर चष्मा नसताना, हमसून हमसून रडली.

पुढच्या मंगळवारी ती वही घेऊन डॉक्टरबाईंपुढे बसली. रक्त तपासलं, स्कॅन झाला. आजार परत आला होता. यकृताच्या कडेला, आणि पोटाच्या पडद्यावर.

"मी किती फोन केले तुम्हाला," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या आणि राग लपवत नव्हत्या. "एकदा विचारायचं तरी होतं!"

तिने वही पुढे केली. डॉक्टरबाईंनी चौकोन पाहिले, त्यांवर मारलेली काट पाहिली, आणि त्यांचा राग कुठे गेला कोणास ठाऊक. बराच वेळ त्या पानावरून बोट फिरवत राहिल्या.

"मी थांबले नसते तर?" तासबाईने विचारलं. "तरी परत आलं असतं?"

नवरा शेजारी बसला होता. या खेपेला तो बाहेर गेला नाही.

"सहाही फेऱ्या घेतलेल्या बऱ्याच बायकांना परत येतं. या स्टेजला तर बहुतेकींना, आज ना उद्या. त्या दोन फेऱ्यांनी कदाचित उशिरा आलं असतं. कदाचित काहीच फरक पडला नसता. शंभर बायकांचं मी सांगू शकते. तुमचं एकटीचं सांगता येणार नाही. कधीच."

तासबाईने मान हलवली. हे उत्तर बरोबर होतं. तिने स्वतः ते किती जणांना दिलं होतं! पण बरोबर उत्तर गळ्याखाली उतरतंच असं नाही. त्या दोन फेऱ्या घेतल्या असत्या तर काय झालं असतं, हे तिला मरेपर्यंत कळणार नव्हतं. तिच्या उभ्या आयुष्यात एवढी मोठी जागा तिने कधी कोरी सोडली नव्हती.

बाहेर आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "चुकलं माझं."

"असू दे," तो म्हणाला.

दुसरं औषध सुरू झालं. ते लागू पडलं, मग पडेनासं झालं, मग तिसरं. असे अकरा महिने ती त्या खोलीत येत राहिली. पहिल्याच महिन्यात कारखान्यातून तिने बारा बिल्ले कापून आणले. रॅकवर असतात तसेच, कडा घासून गुळगुळीत केलेले, वर भोक. नाव नाही, अक्षर नाही. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला एक खिळा, आणि बिल्ले दाराजवळच्या डब्यात. जिला वार बदलायचा असेल, दुसरीकडे जायचं असेल, तिने वाटलं तर उठताना स्वतःच्या हाताने एक अडकवायचा. पुढची बाई त्या खुर्चीत नेमाने बसायला लागली की काढायचा.

सिस्टरने कमरेवर हात ठेवले. "आणि जिच्या खुर्चीवर बिल्ला नसेल ती?"

"ती मोजायची," तासबाई म्हणाली. "मोजावं तर लागतंच. पण जी मेली नाही तिला मोजायचं नाही."

सिस्टरने मोठ्या सिस्टरला विचारलं, मोठ्या सिस्टरने डॉक्टरबाईंना. नियमात बसत नव्हतं आणि नियमाविरुद्धही नव्हतं, म्हणून राहिलं. बायकांना ते फार लवकर कळलं. रिकामी खुर्ची दिसली की आधी खिळ्याकडे नजर जायची. बिल्ला असला की जीव भांड्यात पडायचा. नसला की कोणीतरी चहाचं काढायचं.

एका मंगळवारी डॉक्टरबाई स्वतः खुर्चीपाशी येऊन बसल्या. आता औषधाने फायद्यापेक्षा त्रासच जास्त होईल, म्हणाल्या. घरी राहा, दुखू नये एवढं आम्ही बघू. तासबाईने विचारलं, "म्हणजे उतरवलं मला?" डॉक्टरबाईंनी तिचा हात धरला.

नवरा पिशवी भरत होता. तासबाई उठली, डब्यापाशी गेली, एक बिल्ला उचलून परत आली. बोटं बधिर झाल्यामुळे भोक खिळ्यात जाईना. दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा नवऱ्याने उचलला आणि अडकवला.

"हे खोटं नाही का होत?" त्याने हळूच विचारलं.

"आत्ता मी इथून माझ्या पायांनी उठले की नाही? आजपर्यंतचं माहीत आहे, पुढचं नाही. इतकंच लिहिलंय त्याच्यावर." मग दारापर्यंत गेल्यावर ती थांबली. "पण कळलं की काढून घ्यायचा. तुम्ही स्वतः यायचं. नोंद खरी पाहिजे."

"हो."

"विसराल."

"नाही विसरत," तो म्हणाला.

घरी एकोणीस दिवस. नणंद खाली राहायला आली आणि तिने एकही गोष्ट सांगितली नाही. शेवटच्या आठवड्यात शिवणवाली येऊन गेली, उशाशी बसून तासभर काहीबाही बोलली. विसाव्या दिवशी दुपारी तासबाई गेली. खोलीत दिवा लावलेला नव्हता. खिडकीतून येत होता तेवढा उजेड पुरेसा होता.

पुढच्या मंगळवारी नवऱ्याने बदली ड्रायव्हरच्या हाती बस दिली आणि तो तिसऱ्या मजल्यावर गेला. त्या खुर्चीत एक नवी बाई बसली होती. पहिलीच फेरी, केस अजून दाट होते, आणि मांडीवर मिटलेली वही. डोक्यामागचा बिल्ला ती बोटांनी चाचपत होती. त्याने पुढे होऊन तो काढला. पत्रा गार होता.

बाईने वळून पाहिलं. तिला सगळ्यांनी बिल्ल्याचं सांगितलेलं असणार. "त्या बऱ्या होत्या ना?" ती म्हणाली. "मला सांगितलं त्या चालत गेल्या म्हणून."

शाळेच्या पोरांशीही तो कधी खोटं बोलला नव्हता, पण त्या क्षणी त्याला बोलावंसं वाटलं. ज्या माणसाला आकडा ऐकायचाच नव्हता, जो तो ऐकू नये म्हणून उठून बाहेर गेला होता, तो बिल्ला मुठीत धरून उभा राहिला.

"माझी बायको होती," तो म्हणाला. "ऑपरेशनपासून सहाशे बारा दिवस. मी मोजलेत."

बाईने वही उघडली. पहिल्या पानावर तिने चौकोन आखलेले होते. पेन हातात घेऊन ती आकडा लिहायला लागली, तेव्हा त्याने तिच्या पानावर हात ठेवला.

"हा तिचा आकडा आहे, ताई. तुमचा नाही."